दान आणि देखभाल



बुऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या पायऱ्या तापीच्या पात्रात उतरतात. तेथे येणाऱ्याजाणाऱ्यास कोणी मज्जाव करीत नाही. अशा सर्वांच्या सोयीच्या वस्तूचे मोल कोणाकडून वसूल करता येत नाही, म्हणून व्यापारी घाट बांधीत नाही. तो सरकारने किंवा दात्याने बांधावयाचा असतो. परंतु नदीच्या पुरानंतर पायऱ्यांवर गाळ साचतो. बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात राहते, गाळ उपसणाऱ्याचे राहत नाही. साहजिकच बांधकामास देणगी मिळते, देखभालीस मिळत नाही.

या अडचणीवरचा एक उपाय शेजारच्या होळकर संस्थानाच्या इतिहासात सापडतो. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना ‘खासगी’ जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न दौलतीच्या हिशेबापासून वेगळे असे. पुढे अहिल्याबाईंनी खासगीतून ठिकठिकाणी घाट, मंदिरे व धर्मशाळा उभारल्या. त्या दानामागे जमिनीचे उत्पन्न होते. भाव चढल्यास तेही चढू शके.

संस्थान विलीन झाल्यावर खासगीचे उत्पन्न सरकारजमा झाले आणि त्याऐवजी धर्मादायासाठी वार्षिक २,९१,९५२ रुपये ठरले. १९६२ साली न्यास स्थापन झाला. रकमेचा आकडा ठरीव होता. दगड, चुना आणि मजुरी यांचे दर तसे नव्हते. पुढे न्यासाच्या काही मालमत्ता विकल्या गेल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहाराचाही वाद झाला. अखेर जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो असा निर्णय दिला आणि विक्रीव्यवहारांच्या चौकशीचा मार्ग मोकळा केला.

श्रमदानाचाही असाच हिशेब आहे. एक दिवसाची रोजी सोडून गाळ उपसणारा मजूर त्या दिवसाची कमाईच दान करीत असतो. तिची नोंद मात्र कोठल्याही पावतीपुस्तकात होत नाही. हिशेबनिसाने एक दिवस घमेले उचलण्यापेक्षा संस्थेची खातेवही तपासून दिली, तर त्याच वेळेचे दान संस्थेस अधिक उपयोगी पडते.

ग्रंथालयाची गोष्ट निराळी नाही. भेट आलेल्या पुस्तकाला कपाट, बांधणी, वाळवीपासून राखण आणि सेवकाचा पगार लागतो. म्हणून देणगीदाराने ग्रंथांबरोबर त्यांच्या सांभाळासाठी कायम ठेवही द्यावी, आणि कार्यकारी मंडळाने व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा. एरवी आकडा तेवढा कायम राहील आणि ठेव आतून झिजत जाईल.