ऐकणारी गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वाहनाशी बोलणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. बैलगाडीवाल्याच्या हातात कासरा असायचा खरा, पण निम्मं काम त्याची जीभ करायची. टाळूला जीभ लावून काढलेला एक आवाज, एखादं ‘हां सर्जा’, एवढ्यावर बैल चालायचे, वळायचे, थांबायचे. टांग्याच्या घोड्याचंही तसंच. माझे मामू मिरजेला टांगा हाकायचे. सवारीशी ते मराठीत बोलत आणि घोड्याशी दखनीत. स्टेशनापासून दर्ग्यापर्यंत दोन्ही संभाषणं एकाच वेळी चालू असत. चाबूक बहुतेक वेळ टपाला खोचलेलाच असे.

मग मोटार आली आणि हे बोलणं बंद पडलं. मोटारीला हात कळतो, पाय कळतो. जीभ कळत नव्हती. आता तीही कळू लागली आहे. ‘एसी वाढव’, ‘काच खाली कर’, ‘घरी फोन लाव’, ‘कोल्हापूरचा रस्ता दाखव’ असं म्हणावं आणि गाडीनं ते करावं, अशी सोय आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते. मी काही इंजिनियर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण शब्द कसा उच्चारला जातो आणि समोरचा तो कसा ऐकतो, याच्याशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून या ऐकणाऱ्या गाडीविषयी आज थोडं बोलणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या आवाजावर गाडीचं स्टिअरिंग फिरत नाही, ब्रेकही लागत नाहीत. ते चालकाच्याच हातापायांत असतात. आवाजाचा अधिकार चालतो तो बाकीच्या सरंजामावर: गार वारा, रेडिओ, फोन, नकाशा, काही गाड्यांत काचा आणि छताची खिडकी. स्टिअरिंगवर एक बटण असतं ते दाबायचं, किंवा गाडीला ठरवून दिलेली हाक मारायची. मग ती कान टवकारते.

हा कान म्हणजे छतातल्या दिव्याजवळ बसवलेला छोटासा मायक्रोफोन. त्याच्यापर्यंत फक्त आपला आवाज पोचत नाही. इंजिनाची घरघर, टायरचा आवाज, मागच्या सीटवरच्या मुलांचं भांडण आणि गाडीतच लागलेलं गाणं, सगळं पोचतं. गाणं कोणतं चाललंय हे गाडीला माहीत असतं, म्हणून ते ती ऐकलेल्यातून वजा करते. उरलेल्या आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे पाडते, आणि कोणत्या तुकड्यात कोणता ध्वनी असावा याचा अंदाज बांधते. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. यंत्राला खात्री कधीच नसते. ‘फोन’नंतर ‘लाव’ येण्याचा संभव जास्त, ‘लाल’ येण्याचा कमी, असा हिशेब करून ते वाक्य जुळवतं. मग तो हुकूम गाडीच्या पोटातल्या तारांवरून त्या त्या भागाकडे जातो. गाडीतल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ही तारांची पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९८६ साली जगासमोर मांडली. म्हणजे गाडीचे अवयव आपसात बोलू लागले ते आधी. माणसाचं ऐकायला त्यांना पुढं बरीच वर्षं लागली.

बोलणं ऐकणाऱ्या यंत्राचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘रेक्स’ नावाचा खेळण्यातला कुत्रा मिळे. नाव घेतलं की तो घरातून टुणकन बाहेर येई. खरं तर त्याला नाव कळत नव्हतं. त्या नावातला ‘ए’ हा स्वर मोठ्या माणसानं उच्चारला की ठरावीक कंपनं उठत आणि स्प्रिंग सुटे. १९५२ साली बेल प्रयोगशाळेनं ‘ऑड्री’ नावाचं यंत्र केलं. त्याला शून्य ते नऊ हे आकडे कळत, पण ज्याच्या आवाजावर ते जुळवलेलं असे त्याच्याच तोंडून. १९६२च्या सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमनं सोळा शब्द ओळखणारं यंत्र दाखवलं. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘हार्पी’ या प्रणालीची मजल १,०११ शब्दांवर गेली. तिथल्या या संशोधनाचे एक अध्वर्यू होते राज रेड्डी, आंध्रातल्या एका खेड्यात जन्मलेले. १९९४ साली त्यांना संगणकशास्त्रातलं मानाचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

मोटारीत ही विद्या सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती २००७च्या सुमारास, जेव्हा फोर्डनं मायक्रोसॉफ्टच्या साह्यानं ‘सिंक’ ही यंत्रणा अमेरिकेत आणली. त्या काळातल्या यंत्रणांना ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमानंच लागत. अलिबाबाच्या गोष्टीतला कासिम आठवा. गुहेच्या दाराशी उभं राहून त्याला सगळी धान्यं आठवली, तीळ तेवढा आठवला नाही. पहिल्या काळातल्या चालकांची गत तशीच होती. २०१८ साली मर्सिडीजनं आणलेल्या यंत्रणेत ‘मला थंडी वाजते’ एवढं म्हटलं तरी गाडी हवा गरम करू लागली. आपल्याकडे २०१९ साली आलेल्या एमजी हेक्टरनं भारतीय धाटणीची इंग्रजी ऐकायला सुरुवात केली, २०२१ मध्ये तिला हिंदीमिश्रित इंग्रजीही कळू लागली. आणि २०२३ साली टाटांची नवी नेक्सॉन सहा भाषांतले हुकूम घेऊन आली, त्यांत मराठी आहे. ती गाडी आपल्या पुण्याजवळ रांजणगावात बनते. तिला मराठी यावी हे रास्तच म्हणायचं.

पण श्रोतेहो, मराठी येणं म्हणजे नेमकं काय येणं?

आपलं ‘लाव’ हे एकच क्रियापद घ्या. ‘दार लाव’ म्हणजे बंद कर. ‘दिवा लाव’ म्हणजे चालू कर. ‘गाणं लाव’ म्हणजे वाजव. ‘फोन लाव’ म्हणजे जोडून दे. ‘गाडी लाव’ म्हणजे बाजूला उभी कर. घरातलं चार वर्षांचं पोर यात कधी गोंधळत नाही, पण यंत्राला यातली प्रत्येक जोडी वेगळी शिकवावी लागते. ‘लागणं’ तर त्याहून अवघड. ‘मला गाडी लागते’ म्हणणाऱ्या प्रवाशाला गाडी नको असते, काच खाली हवी असते. आणि ‘माझा डोळा लागतोय’ असं चालक म्हणाला तर त्याचा अर्थ गाडीला सगळ्यात आधी कळायला हवा.

उच्चारांचीही तीच कथा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहायला एक, बोलायला दोन. आपला ‘ळ’ प्रमाण हिंदीत नाही. हिंदीवर वाढलेल्या यंत्राला धुळे, वाळवा, अमळनेर या गावांची नावं घशात अडकल्यासारखी होतात. ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक न कळणाऱ्या यंत्राशी मराठी माणसानं किती बोलावं?

माझा एक भाचा पुणे-कोल्हापूर रस्त्यावर भाड्याची गाडी चालवतो. मालकानं नवी गाडी दिली, बोलणारी. एकदा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. एरवी तो आमच्यासारखाच बोलतो, मिरजेकडची मराठी, अधूनमधून दखनी. पण गाडीशी बोलताना त्याचा आवाज एकदम बदलला. एकेक शब्द सुटा, धुतल्यासारखा. मी हसलो तर म्हणाला, ‘मामू, इससे सायबासारखा बोलना पडता. आपल्यासारखं बोललं तर ऐकतच नाही.’ मागच्या सीटवर माझी थोरली बहीण होती. तिनं दोनदा काच उतरवायला सांगितलं, तिच्या पद्धतीनं, ‘काच जरा उतार बाबा’ म्हणून. गाडी गप्प. शेवटी भाच्यानंच बटण दाबलं. ‘मेरी बोली उसे नक्को दिसती,’ एवढंच ती म्हणाली.

आपा सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. आयुष्यभर तिनं शाळा, दवाखाना, तहसील कचेरी इथं स्वतःची बोली गिळून दुसऱ्याची बोली बोलायचा सराव केला. आता घरच्या माणसाच्या गाडीतही तेच करायचं?

हा केवळ आमच्या घरचा प्रश्न नाही. २०२० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यातले शंभरातले सरासरी १९ शब्द चुकत होते, काळ्या लोकांच्या बोलण्यातले ३५. भाषा दोघांची इंग्रजीच. यंत्राला ज्यांचे आवाज जास्त ऐकवले गेले, त्यांचं ते जास्त ऐकतं. यात यंत्राचा दुष्टावा नाही. त्याच्यापुढं जे ठेवलं ते ते शिकलं.

कोणी म्हणेल, एका काचेचं एवढं काय घेऊन बसलात? बटण दाबा की. बरोबर आहे. पण चालकाच्या बाबतीत ही गोष्ट जिवावरची आहे. बोलून हुकूम देण्याचा मोठा फायदा असा सांगतात, की नजर रस्त्यावर राहते आणि हात स्टिअरिंगवर. ते खरं आहे. पण मन कुठं असतं? अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली वाहनसुरक्षेवर काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानासाठी याची चाचणी घेतली. काही यंत्रणांशी बोलणं संपल्यावरही चालकाचं लक्ष पुरतं रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं २७ सेकंदांत गाडी साडेचारशे मीटर जाते. खंबाटकीच्या घाटात साडेचारशे मीटर म्हणजे किती वळणं, ते त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगायला नको.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. ज्याची बोली गाडीला कळते, तो एकदा बोलून मोकळा होतो. ज्याची कळत नाही, तो दुसऱ्यांदा बोलतो, तिसऱ्यांदा आवाज चढवतो, शब्द बदलून पाहतो, वैतागतो. त्याचं मन रस्त्यावरून तेवढा जास्त वेळ उठतं. म्हणजे बोली न कळणं हा नुसता मानापमानाचा मामला नाही, तो अपघाताचाही होऊ शकतो. म्हणून माझं चालकांना एक सांगणं आहे. नकाशा, गाणी, हवा, जे काय लावायचं ते गाडी सुटण्याआधी लावून घ्या. वाटेत हुकूम द्यायचाच तर दोन-तीन शब्दांचा द्या. एकदा ऐकलं नाही तर सोडून द्या. गाडीशी वाद घालू नका.

आणखी एक गोष्ट. अनेक गाड्यांमध्ये आपलं बोलणं समजून घ्यायचं काम गाडीत होतच नाही. ते इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातं आणि उत्तर परत येतं. घाटात नेटवर्क गेलं की गाडी बहिरी होते, त्याचं कारण हे. गाडीत घरचं बोलणं होतं, पैशाअडक्याचं होतं, सोयरिकीचं होतं. त्यातलं काय पाठवलं जातं आणि काय साठवलं जातं, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला आहे. गाडी घेताना सही करायच्या कागदांत हे कलम शोधून वाचा.

एवढं बोललो म्हणून मी या यंत्राच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. संधिवातानं ज्यांची बोटं वळत नाहीत, ज्यांच्या एका हातात बळ नाही, ज्यांना पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, अशांना जिभेवर चालणारं बटण हा मोठा आधार आहे. म्हणूनच ते सगळ्यांच्या जिभेवर चाललं पाहिजे. आणि ते करणं आपल्या हातात आहे. केंद्र सरकारनं २०२२ साली सुरू केलेल्या ‘भाषिणी’ या उपक्रमात ‘भाषादान’ नावाची सोय आहे. तिथं कुणालाही आपल्या भाषेत बोलून आवाज देता येतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या आवाजसंग्रहातही मराठी आहे. आज तिथं शिकलेल्या, शहरातल्या, तरुण माणसांचेच आवाज गेले, तर उद्याची गाडी त्यांचंच ऐकेल. वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या आज्यांचे आवाज तिथं गेले पाहिजेत. आमच्या आपाचाही गेला पाहिजे. घरात शिकलेलं पोर असेल तर त्यानं हे काम एका रविवारी करावं.

आणि कधी नवी गाडी घ्यायला गेलात, तर घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्या. विक्रेता स्वतः बोलून दाखवेल, गाडी त्याचं लगेच ऐकेल. तुम्ही म्हणा, थांबा. वडीलधाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि त्यांना त्यांच्या बोलीत काच उतरवायला सांगू द्या. काच हलली तर उत्तमच. नाही हलली, तर तक्रारवहीत दोन ओळी मराठीत लिहून या.