शेला कापायचा नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत मी तीस वर्षांपासून शिवणकाम करते. लग्नसराईत पूर्वी माझ्याकडे यायचे ते ब्लाउज आणि फॉल-पिको. आता मुली मोबाइलमधला फोटो पुढे करतात. साडी साधी, पण वरून पायघोळ जॅकेट. सोबत आलेल्या आया नाक मुरडतात, ‘हे कोणतं नवं खूळ?’

मला ते नवं वाटत नाही. मामाने आणलेली अष्टपुत्री नेसून आपली नवरी गौरीहराला बसते. ते काय असतं? पातळ सुती पिवळं लुगडं नि लाल काठ. पण खांद्यावर शेला आला की तीच मुलगी नवरी दिसू लागते. थाट सगळा वरच्या वस्त्राचा. जपानमध्येही नवरी किमोनोवर ‘उचिकाके’ नावाचा जड भरजरी झगा घालते आणि बहुतेक जणी तो भाड्यानेच आणतात म्हणे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आमच्या गल्लीत भाडं नव्हतं, मागणं होतं. माझ्या आईचा शेला किती मुलींच्या अंगावर गेला, याची मोजदाद नाही. एकदा मी कुरकुरले, तर ती म्हणाली, ‘‘शेला काई एका घरचा असते का? ज्याच्या घरी लगन, त्याच्या घरचा!’’ जुनी जर विकत घेणारे दारावर यायचे. तेव्हाच्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार असायची, वर सोन्याचा मुलामा. ती जाळून चांदी काढत. कापूस बुडालेल्या एका वर्षी आईने शेला बाहेर काढला, त्याचं वजनही करू दिलं आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिला. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीला नवे कपडे आले नाहीत.

हे आठवायचं कारण, मागच्या वर्षी शेजारची मुलगी आपल्या आजीचा शेला घेऊन आली. ‘‘मावशी, याचं जॅकेट शिवून द्या. नवीन शालू घेतला तर बाबांना उसने पैसे काढावे लागतील.’’ मुलगी शहाणी. पण माझा कात्रीवरचा हात उचलेना. एकदा तिच्या मापाने कापला की तो फक्त तिचा झाला. शिवाय उपरण्याशी गाठ कशाची मारायची, जॅकेटच्या बाहीची?

दोन दिवस शेला तसाच पडून होता. मग मी तो न कापताच खांद्यावर चुण्या घातल्या, कच्च्या टाक्यांनी टाचला, आतून सुती पट्टी दिली म्हणजे जरीवर ताण येऊ नये. काखेखाली बांधायला नाड्या. डाव्या बाजूचं टोक मुद्दाम मोकळं ठेवलं, गाठीसाठी. मांडवात बायका विचारत होत्या, ‘‘कुठून घेतलं गं?’’

लग्नानंतर आठवड्याने मी टाके उसवले. खांद्याशी सुईची बारीक छिद्रं राहिली आहेत, उजेडात धरली तर दिसतात. येत्या वैशाखात शेला रुळांपलीकडे नव्या वस्तीत जायचा आहे, तिच्या मावसबहिणीकडे. ती मुलगी हिच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे.