चालते खत आणि डोंगराची कुरणे



सुरतजवळ हजीरा येथे ‘कृभको’ या सहकारी संस्थेच्या कारखान्यात १९८० च्या दशकापासून नैसर्गिक वायूपासून युरिया तयार होतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. गोणीतील हे खत प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून दुसरे एक खत स्वतःच्या पायांनी चालत शेतात येत आले आहे. ते म्हणजे धनगरांच्या मेंढ्यांचे लेंडीखत.

हिमालयातील गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात उंच कुरणांकडे चढतात व हिवाळ्यात खाली उतरतात. सह्याद्रीत हे चक्र थंडीवर नव्हे, तर पावसावर चालते. पावसाळ्यात कळप फलटण, माण, खटाव अशा कमी पावसाच्या मुलखातील माळांवर राहतात. कारण सततचा ओलावा दख्खनी मेंढीस मानवत नाही. दिवाळीनंतर अनेक कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात.

भाताची कापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसविल्या जातात. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. लेंड्या व मूत्र जागीच मुरत असल्याने खत वाहून नेण्याचा खर्च पडत नाही. लेंडीखतात साधारणतः ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद व २ टक्के पालाश असते. नत्रात ते युरियाची बरोबरी करीत नाही. मात्र युरियात स्फुरद, पालाश व सेंद्रिय द्रव्य नसते. म्हणून ही दोन खते परस्परांना पूरक होत.

घोंगडीची मागणी घटल्यापासून मेंढपाळाची मिळकत मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर व खतावर अवलंबून आहे. दोहोंचे मूळ चाऱ्यात आहे. मेंढ्यांमुळे डोंगर उजाड होतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. प्रश्न मेंढ्यांच्या संख्येचा आहे, तसाच वेळेचाही आहे. पवन्या, मारवेल यांसारखी उत्तम गवते बी धरण्यापूर्वीच वारंवार चरली गेली, तर ती मागे पडतात व कुसळी माजते. कुसळीचे बी लोकरीत अडकून मेंढीच्या कातडीत रुतते. याउलट, कुरणाचा एक भाग आळीपाळीने बंद ठेवून बी गळल्यावर मोकळा केला, तर गवत टिकते, माती धरली जाते आणि कळपासही चारा मिळतो.

यासाठी ग्रामपंचायतीने गायरानाची पाळी ठरवावी आणि त्या विचारात मेंढपाळासही बसवावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा वनातील हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. अधिकाऱ्यांनी तो गावसभेत समजावून सांगावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या गवतांची नोंद करवून घ्यावी.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. कारखान्यातील खत गोणीतून मिळेल. चालते खत मात्र वाट व कुरण शिल्लक राहिले, तरच गावात येईल.