प्रशिक्षकाला लिहायचे पत्र



कामगार संघटनेत जन्म घालवलेला माणूस पोहण्यावर काय बोलणार, अशी शंका आपल्याला येणे साहजिक आहे. मला तर धड पोहताही येत नाही. परंतु आमच्या एका सभासदाची मुलगी उत्तम पोहते, आणि त्या बळावर अमेरिकेतील कॉलेजात शिकायला जावे असे तिच्या मनाने घेतले आहे. तेथील प्रशिक्षकाला लिहिलेले तिचे पहिले पत्र माझ्याकडे तपासायला आले. ‘एक संधी द्यावी, आजन्म ऋणी राहीन’ असा त्यातला मजकूर. मी म्हटले, “पोरी, हा कामाचा अर्ज आहे की दयेचा?”

तेथील प्रशिक्षकालाही गरज असते, हे आपण विसरतो. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुले बाहेर पडतात, आणि संघाला गुण मिळवून देणारे नवे जलतरणपटू त्याला शोधावेच लागतात. स्पर्धांचे निकाल उघड असतात. ते आधी वाचावेत. २०० बटरफ्लायमध्ये कोण बाहेर पडणार आणि अंतिम फेरीला किती वेळ पुरली, हे पाहून आपली वेळ तेथे कोठे बसते तेवढे लिहावे.

इथे आपली मुले एका ठिकाणी फसतात. आपल्या मोठ्या स्पर्धा ५० मीटरच्या तलावात. तेथील कॉलेजांच्या मुख्य स्पर्धा २५ यार्डांच्या. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, आणि वळणे एकाऐवजी तीन. भिंतीला पाय मारून सुटण्यात जो पटाईत, त्याचा तेथे फायदा. म्हणून वेळेपुढे तलावाची लांबी, स्पर्धा आणि तारीख हवी; उडी व वळण दाखवणारे छोटे चित्रण हवे. वेळ फुगवून सांगू नये. ती तपासली जाते.

पैशांचे म्हणाल, तर वरच्या विभागात पूर्वी पुरुषांच्या संघाला ९.९ आणि स्त्रियांच्या संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या तुकडे करून वाटल्या जात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि संघातील माणसांच्या संख्येवर मर्यादा आली. पैसा देण्याची मुभा वाढली, पण म्हणून तो मिळेलच असे नाही. तिसऱ्या विभागात आणि आयव्ही लीगमध्ये तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते; मदत मिळते ती घरची ऐपत पाहून, आणि काही ठिकाणी अभ्यास पाहून. तेव्हा गुणपत्रिका पत्राबरोबर जावी.

तोंडी शब्दावर विसंबू नये, हे मी अनुभवाने सांगतो. एका कारखान्यात मॅनेजरच्या कबुलीवर आम्ही संप मागे घेतला. पुढल्या महिन्यात त्याची बदली झाली, आणि नवा म्हणाला, कागद दाखवा. प्रशिक्षकही नोकऱ्या बदलतात. रक्कम किती, किती वर्षांसाठी, खांदा दुखावला तर काय, हे लेखी मागावे. असे विचारणे उद्धटपणाचे नव्हे. (जाता जाता सांगतो, डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनचा कौल दिला होता. वर्षअखेर अर्ज मागे घेतला गेला. मला मात्र त्या मुलांचे कौतुक वाटले.)

आणखी एक. वरच्या विभागातील प्रशिक्षकाला, तेथील दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांना व्यक्तिशः उत्तर देण्यास नियमानेच मनाई आहे. मुलांनी लिहिण्यास मनाई नाही. हे ठाऊक नसलेली मुले उत्तर नाही म्हणून खचतात, आणि आईबाप एखाद्या दलालाला पैसे मोजून बसतात.

आमच्या मुलीने पत्र पुन्हा लिहिले. सहा ओळींचे झाले. शेवटी प्रश्न होता: ‘पुढील दोन वर्षांत बटरफ्लायच्या किती मुली आपल्या संघातून बाहेर पडतील?’ ती यंदा दहावीत आहे, म्हणून उत्तर अजून नाही. दर स्पर्धेनंतर ती दोन ओळी धाडते: नवी वेळ, तारीख, तलावाची लांबी.