अठरा टोपल्यांचे आश्रयदाते
(युवक क्रीडासमितीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय आम्हीच मागून घेतला. गतवर्षी आपली खो-खोची स्पर्धा भरली नाही, हे सर्वांस विदित आहेच. एका धनिक गृहस्थांनी सर्व खर्च उचलण्याचे वचन दिले होते. ऐन वेळी ते मागे घेतले गेले. त्यांना बोल लावण्यासाठी आम्ही उभे नाही. सारी स्पर्धा एकाच खुंटीला टांगून ठेवली, हा दोष आपला. उन्हाळाभर सराव केलेली मुले घरी बसली. त्यांतील दोघी मुलींचे वय यंदा उलटले. कुमारी गटात त्यांना आता कधीच खेळता येणार नाही.

यंदा आम्ही सहकुटुंब अमेरिकेत, मिशिगन राज्यात, कन्येकडे होतो. तेथे डिस्क गोल्फ नावाचा खेळ पाहावयास मिळाला. आपल्या मुलांजवळ फ्रिस्बीची चकती असते, तशीच पण अधिक जड चकती फेकीत न्यावयाची आणि खांबावरील लोखंडी टोपलीत पाडावयाची. टोपलीवर साखळ्या लोंबतात. चकती त्यांवर आदळली की छन्‌कन आवाज होऊन खाली पडते. अशा बहुधा अठरा टोपल्या. ज्याने कमीत कमी फेकींत त्या पुऱ्या केल्या, तो जिंकला. साखळ्यांच्या टोपलीचे जनक एड हेड्रिक. त्यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले आणि १९७६ साली खेळाडूंची संघटना स्थापिली. ते २००२ साली वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा काही चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली! हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळास हात लावला. असो.

या खेळात मोठा पैसा नाही असे नाही. पॉल मॅकबेथ या खेळाडूशी चकत्या करणाऱ्या डिस्क्राफ्ट कंपनीने २०२१ साली दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. परंतु गावच्या स्पर्धेस त्यातला छदामही मिळत नाही. तिचा खर्च गावातूनच उभा करावा लागतो. आमच्या जावयांचे शेजारी अशा एका स्पर्धेचे व्यवस्थापक होते. ते आश्रयदाते मिळविण्यास निघाले, तेव्हा कुतूहलाने दोन संध्याकाळी आम्हीही त्यांच्यासमवेत हिंडलो. आज सांगावयाचे आहे ते त्या दोन संध्याकाळींविषयीच.

त्यांच्या हाती एकच कागद होता. त्यावर स्पर्धेची तारीख, मैदान, मागील वर्षी किती खेळाडू आले, त्यांपैकी परगावचे किती, एवढीच माहिती. आणि खाली दर. एका टोपलीस शंभर डॉलर. जो ते देईल त्याच्या दुकानाचे नाव त्या टोपलीच्या फेक-जागेजवळील फलकावर. प्रत्येक खेळाडू त्या जागी येऊन आपली पाळी येईतो उभा राहतो, म्हणजे फलक वाचल्यावाचून त्याची सुटका नाही.

गृहस्थ कोठेही ‘मदत करा’ म्हणाले नाहीत. पिझ्झाच्या दुकानात त्यांनी विचारले, “आमचे सत्तर खेळाडू शनिवारी दुपारी भुकेले असतील. ते आपल्याकडे यावेत असे आपणांस वाटते काय?” दुकानदाराने रोकड दिली नाही, जेवणात सवलतीची सत्तर कुपने दिली. तीही आनंदाने घेतली गेली, कारण प्रत्येक खेळाडूस आरंभी जी पिशवी देतात तीत ती घालता येतात. शिवाय त्या संघटनेच्या स्पर्धांत हौशी गटाच्या विजेत्यांस रोख बक्षीस न देता वस्तुरूपाने देतात, त्यामुळे दुकानदाराचा मालही पैशाइतकाच उपयोगी पडतो. एका दंतवैद्याने टोपली घेतली आणि वर दात घासण्याचे ब्रश दिले. लोखंडी सामानाच्या दुकानात नकार मिळाला. व्यवस्थापकांनी आभार मानले, कागद तेथे ठेवला आणि पुढच्या वर्षी येण्याची परवानगी मागून घेतली.

खरी गोष्ट पुढेच आहे. स्पर्धा संपल्यावर आठवड्याच्या आत ते प्रत्येकाकडे पुन्हा गेले. फलकापाशी उभ्या असलेल्या खेळाडूंचे छायाचित्र, आभाराचे पत्र आणि जमाखर्च त्यांनी प्रत्येकाच्या हाती दिला. आम्ही तीस वर्षे शाळेच्या संमेलनासाठी वर्गणी गोळा केली. पावती चोख दिली; हिशेब मात्र एकदाही कोणाच्या दारी नेऊन दाखविला नाही. पुढील वर्षी लोक तोंड चुकवीत, तेव्हा आम्ही त्यांनाच कंजूष म्हणत असू.

आता आपल्याकडे. पानमसाला किंवा पैज लावण्याचे ॲप यांच्याकडून एकरकमी पैसा घ्यावा, अशी सूचना काही तरुणांनी केली आहे. मुलांच्या छातीवर ते नाव शोभेल काय, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि त्याच महिन्यात ड्रीम इलेव्हन हे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावरून उतरले. राष्ट्रीय संघास पुढच्याच महिन्यात दुसरा आश्रयदाता मिळाला. आपणांस मिळेल काय?

खो-खोच्या मैदानात दोन खांब आणि आठ चौकोन असतात. म्हणजे दहा आश्रयदाते झालेच. पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, संघांचा नाश्ता, मॅटचे भाडे हे निराळे. फलक मात्र सीमारेषेबाहेर पुरेसे दूर असावेत; धावत्या मुलीच्या पायात जाहिरात येऊ नये.

आणखी एक गोष्ट काही वडीलधाऱ्यांस रुचणार नाही, हे जाणूनच बोलतो. स्पर्धा केवळ आपल्या ज्ञातीपुरती ठेवली, तर बाहेरच्या दुकानदाराने तिला पैसे का द्यावेत? १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०-जी कलमातही विशिष्ट ज्ञातीच्याच हितासाठी चालणाऱ्या संस्थेस, मागासवर्गीयादी अपवाद वगळता, सवलत ठेवलेली नव्हती. फलकासाठी दिलेली रक्कम व्यापारी जाहिरातखर्चात दाखवू शकतो. त्याचे बारकावे आपले हिशेबतपासनीस सांगतील. पण फलक वाचावयास माणसे हवीत. तालुक्यातील सर्व संघांस प्रवेश द्यावा, असा ठराव आम्ही मांडीत आहोत. चषकावर ज्ञातिमंडळाचेच नाव राहील.

यादी येत्या रविवारी सकाळी कार्यालयात उघडी ठेवली जाईल. पहिल्या खांबासमोर आमच्या घराचे नाव लिहून घ्यावे. दुसऱ्या खांबासाठी आम्ही बाजारपेठेतील मिसळवाल्यांकडे शनिवारी जाणार आहोत. त्या दोघी मुलींनी बरोबर येण्याचे कबूल केले आहे.