पांढऱ्या पाटीची गाडी पंधरा वर्षं कोणी बघतच नाही!

आजचा विषय बऱ्याच जणांना आवडणार नाही, कारण आजचा प्रश्न तुमच्या नव्या कोऱ्या गाडीला आहे. ईएमआय अजून चालू आहे, सीटवरचं प्लॅस्टिक नुकतंच काढलंय, आणि मी विचारतोय की या गाडीची सक्तीची तपासणी व्हायला हवी का? पंधरा वर्षांनी नाही. चार-पाच वर्षांत.

आधी आज कायदा काय आहे ते बघू.

संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीत जाम लागतो तेव्हा आजूबाजूला बघा. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीची पाटी पिवळी, दुसरीची पांढरी. पिवळ्या पाटीला, म्हणजे टॅक्सीला, फिटनेस सर्टिफिकेट लागतं. नवी असताना दोन वर्षांचं मिळतं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीला? नोंदणी थेट पंधरा वर्षांची. मध्ये फक्त पीयूसी, तीही पहिलं वर्ष संपल्यावर. आणि पीयूसीवाला धूर मोजतो, ब्रेक नाही. तुमचे चारही टायर गोटा झालेले असले तरी पीयूसी मिळते.

साधा हिशोब करा. पौडहून घोटावडे फाटा, माण करत कोणी हिंजवडीला कामाला जातो. जाऊन-येऊन रोज चाळीस किलोमीटर धरा, वर्षाचे अडीचशे दिवस. झाले दहा हजार किलोमीटर. पंधरा वर्षांत दीड लाख. गावाला जाणं, कोकणात जाणं वेगळंच. एवढ्या प्रवासात ती गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे का, हे मालक आणि त्याचा मेकॅनिक सोडून कोणीच बघत नाही.

बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये ‘एमओटी’ नावाची तपासणी आहे. १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षं जुन्या गाड्यांसाठी होती. १९६७ पर्यंत ती मर्यादा तीन वर्षांवर आली. ती चार वर्षं करावी का यावर अलीकडे तिथल्या सरकारने लोकांची मतं मागवली आणि शेवटी २०२४ मध्ये तीनच कायम ठेवली. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी.

तुम्ही म्हणाल, झालं, हा आता परदेशाचे गोडवे गाणार. थांबा, दुसरी बाजूही परदेशातलीच आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी काढून टाकली. आणि त्यांच्याकडे आकडाही आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने २००५ ते २००७ या काळातले हजारो अपघात जागेवर जाऊन तपासले. अपघाताआधीचं शेवटचं निर्णायक कारण ९४ टक्के वेळा चालकाकडे होतं. गाडीकडे फक्त २ टक्के.

मग कशाला हा खटाटोप?

हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण आपल्याकडेही तेच दिसतं. २० नोव्हेंबर २०२२ चा नवले पुलाचा अपघात आठवतो? कात्रज बोगद्याकडून उतारावर आलेल्या एका ट्रकने रांगेत गाड्या उडवल्या, सुमारे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. लगेच सगळीकडे ‘ब्रेक फेल, ब्रेक फेल’. नंतर पोलीस तपासात पुढे आलं की चालकाने डिझेल वाचवायला इंजिन बंद करून ट्रक न्यूट्रलवर सोडला होता. इंजिन बंद, म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद. फिटनेसचा कागद कितीही खणखणीत असो, ही सवय कागदाने सुटत नाही.

म्हणजे तपासणी आली की अपघात थांबतील असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. आपल्या देशात २०२३ मध्ये १ लाख ७२ हजार ८९० माणसं रस्त्यावर गेली. त्यातला मोठा वाटा वेगाचा आहे.

पण तरीही मी तपासणीच्या बाजूने आहे. का ते सांगतो.

पहिलं कारण आपला रस्ता. टेक्सासचा सरळ हायवे आणि आपला ताम्हिणी घाट यात फरक आहे. २५ जुलै २०२४ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. राज्यातल्या कितीतरी तालुक्यांना एवढा पाऊस अख्ख्या पावसाळ्यात मिळत नाही. अशा पाण्यात टायरच्या खाचांचं काम एकच, टायरखालचं पाणी बाजूला फेकणं. खाच झिजली की टायर पाण्यावर तरंगतो, मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. कायद्यात कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी असं लिहिलंय. ती मोजतो कोण? आणि टायर गाडीच्या वयाकडे बघून झिजत नाही. चार वर्षांच्या, बाहेरून चकाचक गाडीचे टायर संपलेले असू शकतात.

तसंच ब्रेक ऑइलचं. ते हवेतली ओल शोषतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणूनच बऱ्याच कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्यातले किती जण फ्री सर्व्हिसिंग संपल्यावर बदलतात? रोजच्या जाममध्ये ही उणीव कळतच नाही. ती कळते विळ्याकडे उतरताना.

दुसरं कारण, ‘नवी गाडी म्हणजे चांगली गाडी’ हा समज. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. कारण होतं स्टिअरिंगचा टाय रॉड, ज्याच्यामुळे चाक वळतं. त्या जुलै २०२१ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये बनलेल्या गाड्या होत्या. कंपनीने स्वतःहून सांगितलं ही चांगलीच गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे रिकॉलचे नियमही आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. पण मालकाने फोन नंबर बदललेला असतो, गाडी दुसऱ्याला विकलेली असते, पत्र जुन्या पत्त्यावर जातं. सक्तीची तपासणी असती तर तिथेच स्क्रीनवर दिसलं असतं की या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे. दोष नव्या गाडीतच असेल तर पंधरा वर्षांनी बघून काय उपयोग?

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘माझी गाडी, माझा जीव, मी बघून घेईन’ असं आपण म्हणतो. पण २०२२ च्या सरकारी अहवालात रस्त्यावर गेलेल्यांपैकी साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते. पिरंगुटच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर बाइकवर निघालेला पोरगा, भूगावला रस्ता ओलांडणारी आजी. तुमच्या ब्रेकची जोखीम त्यांनी घेतलेली नाही, तुम्ही त्यांच्यावर टाकलेली आहे. टॅक्सीला सरकार विचारतं कारण तिच्यात परका माणूस बसतो. पण गाडीपुढे जो परका माणूस चालतो त्याचं काय? त्याला पाटीचा रंग कळत नाही.

आता खरी अडचण. तपासणार कोण?

‘सक्तीची तपासणी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं मला माहितीये. एजंट, झेरॉक्स, आणि गाडी घरी असताना मिळालेला कागद. ही भीती उगाच नाही. फिटनेस नीट तपासला जात नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवा असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. पुण्यातल्या व्यावसायिक गाड्यांना त्यासाठी दिवे घाटाच्या वर जावं लागलंय. आता मुळशीतल्या प्रत्येक कारवाल्याला पुणे ओलांडून तिकडे पाठवलं तर दिवस जाईल आणि लोक एजंटच गाठतील. अशी सक्ती मला नको.

पण दुसरी वाट नियमांत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. तिथे गाडी रोलरवर चढते, ब्रेकची ताकद मशीन मोजतं, हेडलाइटचा झोत मशीन बघतं, निकाल थेट सर्व्हरवर जातो. आणि एक फार शहाणी अट आहे: असं केंद्र चालवणाऱ्याने तिथे दुरुस्ती करायची नाही, स्पेअर पार्ट विकायचे नाहीत. म्हणजे ‘साहेब, चारही डिस्क बदलायला लागतील’ म्हणण्यात त्याचा फायदा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. खासगी गाडीची पहिली तपासणी पाचव्या वर्षी, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. यादी छोटी: टायर, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्ट आणि बाकी राहिलेलं रिकॉल. रंग, डेंट, स्टिकर यांत नाक खुपसायचं नाही. नापास झालं तर दंड नाही, दुरुस्तीला मुदत. आणि मुख्य अट, आधी तालुक्याच्या आवाक्यात केंद्र, मग सक्ती. उलटं केलं तर फक्त कागद वाढतील.

या मताला विरोध असेल तर जरूर सांगा. ‘आधी खड्डे बुजवा, मग आमच्या गाड्या तपासा’ हा मेसेज येणार हे मी धरून चाललोय. त्यावर माझं उत्तर आहे की दोन्ही मागू या. खड्डा आहे म्हणून गोटा टायर चालेल असं होत नाही. उलट तिथेच तो फुटतो.

कायदा होईल तेव्हा होईल. या रविवारी दहा मिनिटं काढा. टायरच्या खाचांमध्ये मध्येमध्ये छोटे आडवे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला असेल तर तो संपला. टायरच्या बाजूला चौकोनात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. स्टेपनीचाही बघा, तिला सगळे विसरतात. घरच्या कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा, तिन्ही लाल दिवे लागतात का विचारा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या बिलात शोधा. कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा.

आणि ताम्हिणी उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, न्यूट्रल अजिबात नको. हे कुठलंच मशीन तपासत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि तेवढे टायर बघाच!