आश्रमात राहणाऱ्याचा अधिकार

(रहिमतपूर येथे सेवाकार्यातील कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



थोर नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म 1920 साली आपल्या या रहिमतपुरात झाला. त्यांच्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकामागे महर्षी कर्वे आणि त्यांच्या पत्नी बाया यांच्या जीवनाची प्रेरणा आहे. हिमालयाएवढ्या माणसाच्या सावलीत जे राहतात, त्यांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न त्या नाटकाने मराठी मनासमोर ठेवला. तोच प्रश्न आज मला आपल्या सेवासंस्थांविषयी विचारायचा आहे. संस्थापक, देणगीदार आणि कार्यकर्ते यांचा गौरव आपण करतो व तो योग्यच आहे. परंतु जो माणूस त्या संस्थेत रात्रंदिवस राहतो, त्याला तेथे काही अधिकार असतो काय?

वृद्धाश्रम हा शब्द निघाला की आपण खिन्न होतो. एकत्र कुटुंब टिकले पाहिजे, याविषयी आपणांत दुमत नाही. पण मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस आणि परदेशी गेली आहेत, काही वृद्धांना मूलबाळ नाही, काहींचे आजारपण घरी पेलण्यासारखे नाही. ते आज आश्रमात आहेत. कुटुंबसंस्थेची चिंता करता करता या माणसांना विसरणे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेतील एका मराठी माणसाने देऊन ठेवले आहे. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेत नोकरीस होते, संघाचे स्वयंसेवक होते. त्यांना कुष्ठरोग झाला. ज्या काळी 1898 चा कायदा निराधार कुष्ठरुग्णाला पकडून कोंडून ठेवण्याची मुभा देत होता, तो तो काळ. कात्रे एका मिशनरी रुग्णालयात राहिले. तेथे औषधपाणी मिळत होते; पण आपल्या श्रद्धेनुसार मानाने जगता यावे, ही त्यांची ओढ होती. श्रीगुरुजींच्या प्रेरणेने 1962 साली त्यांनी आजच्या छत्तीसगडमधील चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. म्हणजे या संस्थेचा संस्थापक स्वतःच रुग्ण होता! पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे गेले आणि त्यांनी आयुष्य वेचले. तेथील रुग्णांनी शेती केली, खडू केले, दोर वळले, सतरंज्या विणल्या. बापटांना 2018 साली पद्मश्री मिळाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा देहही वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला. तो जुना कायदा मात्र रद्द व्हायला 2016 साल उजाडावे लागले.

कात्रे यांच्या जीवनातून एक धडा आपल्यालाही लागू होतो. दुसऱ्याच्या आश्रयाला असताना आपली श्रद्धा जपता यावी, असे त्यांना वाटले. मग आपण चालविलेल्या आश्रमात एखादा मुसलमान वा ख्रिस्ती वृद्ध असेल, किंवा ज्याला सायंप्रार्थनेस बसावेसे वाटत नाही असा आपलाच कोणी असेल, तर त्यालाही तोच मान मिळाला पाहिजे. आपल्यासाठी एक न्याय आणि दुसऱ्यासाठी दुसरा, असे चालणार नाही.

आता कायद्याकडे पाहू. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या 2007 च्या अधिनियमाने मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली. सांभाळ करण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याचा मार्ग दिला. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम असावा, असेही त्यात आहे. पण शासनाने तो ‘उभारावाच’ असे नसून ‘उभारता येईल’ अशी त्यातील भाषा आहे. त्याहून पुढचे पाऊल 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने टाकले. मनोरुग्णालयातील व्यक्तीचे सक्तीने मुंडण करता येत नाही, इच्छा असल्यास तिला स्वतःचे कपडे वापरता येतात, सक्तीने काम करवून घेता येत नाही, केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो, तिचा खासगीपणा जपावा लागतो. जे मनोरुग्णाला मिळाले, ते आमच्या आजी-आजोबांना कोणी नाकारावे? अमेरिकेने तर 1987 सालीच शुश्रूषागृहातील निवासींना आपले मंडळ स्थापण्याचा अधिकार कायद्याने दिला आणि त्या मंडळाचे म्हणणे ऐकणे व्यवस्थापनावर बंधनकारक केले.

कोणी म्हणेल, अधिकाराची भाषा आली की सेवेतला ओलावा आटतो, मागण्या वाढतात. मला तसे वाटत नाही. घरातील आजोबा भाजीत मीठ कमी पडले तर बोलतात, कारण ते घर त्यांचे असते. आश्रमातील आजोबा गप्प बसतात, कारण बोललो तर येथूनही जावे लागेल, ही भीती असते. त्या मौनाला आपण समाधान समजतो. ज्यांची स्मृती गेली आहे, त्यांचे काय, असाही प्रश्न येईल. त्यांनाही आवडनिवड असते. गुळाचा चहा हवा की साखरेचा, हे कळायला स्मृती शाबूत असावी लागत नाही. विचारणारा माणूस लागतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. आश्रमात महिन्यातून एकदा निवासींची बैठक घ्या आणि तिचे इतिवृत्त विश्वस्तांसमोर ठेवा. प्रत्येकाला कुलूप लागणारी पेटी द्या व किल्ली त्याच्याच हाती ठेवा. आलेले पत्र उघडू नका, फोनवर बोलताना शेजारी उभे राहू नका. न विचारता कोणाची खोली बदलू नका. फळवाटपाचे छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी मागा. आणि केवळ आपण तेथे जाऊ नका, त्यांनाही गावात आणा: चौंडेश्वरीच्या दर्शनाला, गणेशोत्सवातील व्याख्यानाला, मतदानाला. निवृत्त गुरुजींना शाखेतील मुलांना गणित शिकवू द्या, सुगरण आजींना लोणच्याचा हात दाखवू द्या.

समरसता हा शब्द आपण जातिभेदाच्या संदर्भात उच्चारतो. वयाने आणि आजाराने समाजापासून तुटलेल्या माणसालाही तो शब्द लागू करावयास हवा. आपल्या गावाजवळच्या आश्रमात पुढच्या वेळी जाल, तेव्हा काय घेऊन आलो हे सांगण्यापूर्वी एवढेच विचारा : ‘‘आजोबा, येथे तुमच्या मनासारखे काय होत नाही?’’ आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहा.